लघवीतलं निकोटीन, कोटिनीन आणि मंडळी : एलसी-एमएस/एमएस पद्धत बसवतानाच्या नोंदी

मोजायचे घटक चार : निकोटीन, शरीरात त्यापासून बनणारं कोटिनीन, कोटिनीनपासून बनणारं ट्रान्स-३'-हायड्रॉक्सीकोटिनीन (पुढे नुसतं ३एचसी) आणि ॲनाबॅसिन (तंबाखूतलंच दुसरं अल्कलॉइड). नमुना लघवीचा, २०० मायक्रोलिटर. नमुने देणारे बहुतेक मिश्री लावणारे किंवा तंबाखू-चुना मळणारे, बिडी-सिगारेटवाले थोडेच. महाराष्ट्रात हे अपेक्षितच आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे फक्त ३.८ टक्के. फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचा सोपा मार्ग त्यामुळे इथे बाद. यंत्र एलसी-एमएस/एमएस : कॉलम घटकांना वेगळं करतो आणि मागचा मास स्पेक्ट्रोमीटर (ट्रिपल क्वाड्रुपोल, ईएसआय पॉझिटिव्ह) रेणूला धन भार देऊन त्याचं आणि त्याच्या तुकड्याचं वस्तुमान पाहतो.

आधीच सांगून ठेवतो : नुसतं कोटिनीन हवं असेल तर यातलं निम्मं वाचायची गरज नाही. पुढचे बहुतेक घोळ निकोटीनचे आहेत.

४ जून २०२४

ट्यूनिंग. प्रत्येक घटकाचं १०० नॅग्रॅ/मिलीचं (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) द्रावण थेट सोर्सला. निवडलेली संक्रमणं (रेणूचं वस्तुमान → त्याच्या तुकड्याचं वस्तुमान) : निकोटीन १६३→१३० (पडताळणीला १६३→११७), कोटिनीन १७७→८० (पडताळणीला १७७→९८), ३एचसी १९३→८० (पडताळणीला १९३→१३४), ॲनाबॅसिन १६३→१३४. अंतर्गत मानकं (आयएस : ड्युटेरियमने जड केलेलं तेच रसायन, प्रत्येक नमुन्यात ठरावीक घालायचं आणि घटकाचा सिग्नल त्याच्या गुणोत्तरात मोजायचा) निकोटीन-डी४, कोटिनीन-डी३, ३एचसी-डी३.

कोटिनीन-डी३चं ड्युटेरियम मिथाइल गटावर असतं. ८०चा तुकडा पिरिडिनच्या बाजूचा, त्यामुळे तिथे ड्युटेरियम येत नाही : १८०→८०. पण दुसरं संक्रमण १८०→१०१ होतं, १८०→९८ नव्हे. आम्ही जुन्या फाइलमधून ९८ उतरवलं आणि सिग्नल का नाही म्हणून तासभर गॅसचा दाब तपासत बसलो.

ॲनाबॅसिन-डी४ मागवलं नाही. एक तर महाग, आणि त्याचं वस्तुमान निकोटीन-डी४इतकंच, १६७. एका भांडणात दुसरं कशाला ओढायचं?

६ जून

हाताशी असलेला साधा सी-१८ कॉलम, १०० × २.१ मिमी, ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिड आणि ॲसिटोनायट्राइल, ०.३५ मिली/मिनिट. कोटिनीन ठीक आलं. निकोटीन ०.६ मिनिटाला, म्हणजे कॉलममधून नुसतं वाहून गेलं. निकोटीनच्या पायरोलिडिन नायट्रोजनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर भार असतो तो) सुमारे ८ आहे, आम्लात त्यावर पूर्ण भार असतो आणि सी-१८ त्याला धरतच नाही. त्याच ०.६ मिनिटाला लघवीतले सगळे क्षारही येतात. शुद्ध द्रावणात पीक देखणं दिसतं, लघवीत सिग्नल एक चतुर्थांश. हा मार्ग सोडला. दोन दिवस गेले.

१० जून

दोन पर्याय होते, हिलिक (पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरणारा वेगळा कॉलम) किंवा उंच पीएच. हिलिकमध्ये नमुना ८०-९० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये द्यावा लागतो आणि कॉलम स्थिर व्हायला वेळ खातो, म्हणून उंच पीएच घेतला. यासाठी हायब्रिड कणांचा, पीएच ११-१२ पर्यंत टिकणारा सी-१८ कॉलमच हवा. साधी सिलिका पीएच ८च्या वर विरघळायला लागते. कॉलमला गार्डसह ७८ हजार रुपये.

अ : १० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट, अमोनियाने पीएच १० केलेलं. ब : ॲसिटोनायट्राइल. तापमान ४० अंश. ५ टक्के ब पासून साडेचार मिनिटांत ४५ टक्के, मग धुणं, मग परत. एक इंजेक्शन ७.५ मिनिटं. क्रम : ३एचसी, कोटिनीन, ॲनाबॅसिन, निकोटीन. निकोटीन आता सगळ्यांत शेवटी, ४.१ मिनिटाला. पीएच १० असूनही पॉझिटिव्ह मोडमध्ये सिग्नल उत्तम मिळतो, त्याची भीती नको.

चूक : धुण्याच्या टप्प्यात ब ९५ टक्के ठेवलं. इतक्या ॲसिटोनायट्राइलमध्ये बायकार्बोनेट विरघळलेलं राहत नाही. अठराव्या इंजेक्शनला दाब चढला, गार्ड चोंदलं. गार्ड बदललं, ब ची मर्यादा ८० टक्के केली. ६ हजारांचं गार्ड एका दुपारीत.

१३ जून

निकोटीन आणि ॲनाबॅसिन दोन्हींचं रेणुसूत्र एकच, दोन्ही १६३. वर नॉरकोटिनीनही १६३वरच दिसतं आणि त्याचा ठळक तुकडा ८०. म्हणून १६३→८० हे संक्रमण कशालाच वापरायचं नाही, कितीही मोठा पीक देत असलं तरी. यांना वेगळं करायचं काम कॉलमचं आहे, मास स्पेक्ट्रोमीटरचं नाही. निकोटीन ५०० आणि ॲनाबॅसिन ५ नॅग्रॅ/मिली असं मिश्रण सोडून पाहिलं : मध्ये ०.३५ मिनिटाचं अंतर, पुरेसं.

तसंच १९३वर कोटिनीन-एन-ऑक्साइड आहे. त्याचा मुख्य तुकडा ९६, म्हणून ३एचसीला धक्का लागत नाही. तरी एकदा वेगळं सोडून वेळ नोंदवून ठेवली.

१८ जून

कॅलिब्रेशनची द्रावणं आणि क्यूसीची (पद्धत बरोबर मोजते का ते तपासायची, माहीत प्रमाणाची) द्रावणं वेगवेगळ्या स्टॉकमधून करायची, हा नियम आज कामी आला. कॅलिब्रेशन तोललेल्या निकोटीन बायटार्ट्रेट डायहायड्रेटमधून, क्यूसी १ मिग्रॅ/मिलीच्या प्रमाणित ॲम्प्यूलमधून. सगळे क्यूसी तिप्पट आले. ३०० टाकलं तिथे नऊशेच्या पुढे.

पिपेट तपासली, इंटिग्रेशन तपासलं, ॲम्प्यूल उडून आटली का तेही पाहिलं. कारण साधं होतं. बायटार्ट्रेट डायहायड्रेटचं रेणुभार ४९८.४, शुद्ध निकोटीनचं १६२.२. १० मिग्रॅ मीठ म्हणजे ३.२५ मिग्रॅ निकोटीन. वजनाच्या वहीत मिठाचं वजन होतं, एक्सेलमध्ये ते निकोटीन म्हणून गेलं. गुणक ३.०७. दीड दिवस आणि एक पूर्ण बॅच वाया.

एकाच स्टॉकमधून दोन्ही केलं असतं तर क्यूसी अचूक दिसले असते आणि प्रत्येक नमुन्याचं निकोटीन तिप्पट लागलं असतं, कुणाच्या लक्षात न येता. आता सगळ्या घटकांना प्रमाणित ॲम्प्यूलच वापरतो, कॅलिब्रेशनला एक लॉट आणि क्यूसीला दुसरा. पावसाळ्यात कोटिनीनची पूड तोलण्यापेक्षाही हे बरं. शुद्ध निकोटीन हे द्रव विष आहे, कातडीतून शिरतं. ते प्रयोगशाळेत आणूच नये.

२१ जून

नमुना स्वच्छ करायला मिश्र-मोड कॅटायन एक्स्चेंज कार्ट्रिज (धन भार असलेले रेणू धरून ठेवणारी), ३० मिग्रॅ. एक नग सुमारे अडीचशे रुपये, धुऊन पुन्हा वापरू नये. पहिली कृती : मिथेनॉल १ मिली, पाणी १ मिली, आम्ल केलेला नमुना, पाण्याने धुणं, मिथेनॉलने धुणं, मग ५ टक्के अमोनिया असलेल्या मिथेनॉलने उतरवणं.

गुणोत्तरं छान आली, क्यूसी पास. पण कोटिनीन-डी३चा नुसता एरिया पाहिला तर अपेक्षेच्या निम्मा. आयएस सुरुवातीलाच टाकल्यामुळे तोटा दोघांना सारखा होतो आणि गुणोत्तरात दिसत नाही. पद्धत बसवताना आयएसचा एरिया रोज तक्त्यात लिहावा, नाहीतर हे महिनोन्‌महिने झाकून राहतं.

कुठे गेलं ते शोधायला प्रत्येक पायरीचा निचरा वेगळ्या नळीत धरला आणि प्रत्येक इंजेक्ट केला. नमुना भरतानाचा निचरा : काही नाही. पाणी : किंचित. मिथेनॉल : हरवलेलं जवळपास सगळं कोटिनीन इथे. निकोटीन मात्र नाही. कोटिनीन दुबळा अल्क आहे, पीकेए साडेचारच्या आसपास. आम्ही २ टक्के फॉर्मिक ॲसिड २०० मायक्रोलिटर घालत होतो, पण लघवी आणि बफर यांनी ते खाल्लं आणि पीएच ३च्या वर राहिला. वर साध्या पाण्याने धुऊन उरलंसुरलं आम्लही घालवलं. भार नसलेलं कोटिनीन मिथेनॉलबरोबर निघून जाणारच.

दुरुस्ती : नमुन्यात ४ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ४०० मायक्रोलिटर आणि पट्टीवर पीएच २च्या खाली असल्याची खात्री. पाण्याऐवजी २ टक्के फॉर्मिक ॲसिडने धुणं. धुण्याच्या मिथेनॉलमध्येही २ टक्के फॉर्मिक. कोटिनीनची प्राप्ती (टाकलेल्यापैकी शेवटी हाती येणारा भाग) ५१ वरून ९३ टक्क्यांवर. अमोनिया-मिथेनॉल रोज ताजं करायचं आणि ०.५ मिलीच्या दोन हप्त्यांत सोडायचं. कालच्या बाटलीतून अमोनिया उडालेला असतो आणि मग निकोटीन कार्ट्रिजमध्येच अडकून राहतं.

२६ जून

कोटिनीन सुटलं, निकोटीनची प्राप्ती ३६ टक्के. या वेळी कुठल्याच निचऱ्यात नाही. म्हणजे ते हवेत गेलं.

अमोनियातून उतरलेलं निकोटीन मुक्त अल्काच्या रूपात असतं, आणि ते बाष्पशील आहे. नायट्रोजनखाली ४० अंशांवर मिथेनॉल उडतं, मागोमाग तेही. सगळ्यांत जास्त तोटा शेवटच्या काही थेंबांत आणि नळी कोरडी झाल्यावर तशीच राहू दिली तर. दहा मिनिटं जास्त ठेवलेल्या नळ्यांत निकोटीन आणखी निम्मं झालं.

उपाय क्षार करून बसवणं. सुरुवातीलाच हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं तर ते सगळं अमोनियाशी भिडतं आणि नळीत अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर बसतो. म्हणून दोन टप्पे : आधी ३५ अंशांवर साधारण २०० मायक्रोलिटर उरेपर्यंत उडवायचं (अमोनिया तोवर बहुतेक गेलेला असतो), मग मिथेनॉलमधलं १ टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड ५० मायक्रोलिटर, हलवून पुढे कोरडं. कोरडी झाली की नळी लगेच काढायची. प्राप्ती ८४ टक्के.

पुन्हा विरघळवताना आधी नुसतं मिथेनॉल वापरलं होतं, त्यात ३एचसीचा पीक दुभंगला. आता अ आणि ब ९५:५, १०० मायक्रोलिटर, इंजेक्शन ५ मायक्रोलिटर.

१ ते ९ जुलै

ब्लँक. नमुन्याच्या जागी पाणी घेऊन पूर्ण कृती केली तरी निकोटीन ३ ते ४ नॅग्रॅ/मिली. कधी ९. कोटिनीन शून्य. लघवीत कोटिनीन नसताना निकोटीन दिसलं, तर ते शरीरातून नव्हे, बाहेरून आलेलं आहे असंच आधी धरावं.

पहिला संशय आयएसवर. निकोटीन-डी४मध्ये साधं निकोटीन थोडं असू शकतं. आयएस न घालता ब्लँक केला : ३.१. म्हणजे आयएस निर्दोष. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. एकदम चार गोष्टी बदलल्या तर आकडा खाली येतो, पण कशाने आला ते कळत नाही. दुसरी बाटलीबंद पाण्याची पेटी : फरक नाही. नवं मिथेनॉल : नाही. टिपचा नवा डबा : २.६. नळ्या मिथेनॉलने विसळून : २.२. नायट्रोजन इव्हॅपोरेटरच्या सुया काढून मिथेनॉलमध्ये १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक : ०.८.

सुया मुख्य गुन्हेगार. जास्त निकोटीनचा नमुना उडताना त्याची वाफ आणि तुषार सुयांवर बसतात आणि पुढच्या बॅचच्या नळीत उतरतात. आता प्रत्येक बॅचनंतर सुया धुतो, आणि कॅलिब्रेशनच्या वरच्या पातळ्या शेवटच्या रांगेत ठेवतो.

९ नॅग्रॅवाले ब्लँक ज्या दिवशी आले, त्या दिवशी काम करणाऱ्या हातांनी जेवणानंतर तंबाखू मळला होता. हात धुतले होते, हातमोजे घातले होते, पण मोजे घालताना बाहेरची बोटं त्याच हातांनी धरली होती. यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त कामाची वाटणी बदलली : तंबाखू किंवा सिगारेट घेणाऱ्याने वजन, कागद, यंत्र सांभाळावं, नळीला हात लावू नये. टिप आणि नळ्यांचे डबे दाराजवळच्या टेबलावरून हलवून बंद कपाटात ठेवले.

एवढं करूनही ०.५ ते ०.८ राहतंच. निकोटीनची खालची मर्यादा १ ठेवायची होती, ५ केली. हट्ट सोडला. तंबाखू वापरणाऱ्यांत निकोटीन त्याच्या कितीतरी वर असतं, आणि दुसऱ्याच्या धुराचा संपर्क पाहायचा असेल तर कोटिनीन आहेच : निकोटीनचा अर्धायुकाल सुमारे २ तास, कोटिनीनचा सुमारे १६.

नऊ दिवस, दोनशेच्या वर कार्ट्रिज.

१२ जुलै

रात्री वीज गेली, जनरेटर चालू होईपर्यंतचा वेळ यूपीएसने धरला नाही. व्हॅक्यूम सुटला. परत खाली यायला रात्रभर, मग पुन्हा कॅलिब्रेशन. यूपीएसच्या बॅटऱ्या मेच्या अखेरीस तपासून घ्याव्यात, पावसाच्या पहिल्या तडाख्यानंतर नव्हे.

१६ जुलै

ब्लँक लघवी. पाण्यावर कॅलिब्रेशन करून चालत नाही, लघवीच हवी. तंबाखू न वापरणाऱ्या सहा जणांची घेतली. पाच स्वच्छ. सहाव्यात कोटिनीन ४ नॅग्रॅ/मिली, निकोटीन नाही. चौकशीत कळलं की घरात मिश्री भाजली जाते. तव्यावर तंबाखू भाजताना स्वयंपाकघरभर धूर होतो, आणि तो इथे दिसला. ब्लँक देणाऱ्याला 'तुम्ही तंबाखू घेता का?' एवढंच न विचारता 'घरात कुणी भाजतं का, ओढतं का?' हेही विचारावं.

वांग्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. वांग्यात निकोटीन असतं, पण ग्रॅमला नॅनोग्रॅमच्या हिशोबात. १ मिग्रॅसाठी किलोकिलोंनी भरीत खावं लागेल. ब्लँक त्याने बिघडत नाही.

१९ जुलै

या घटकांचा काही भाग शरीर ग्लुकुरोनिक ॲसिडला जोडून (ग्लुकुरोनाइड) बाहेर टाकतं. एकूण प्रमाण (मुक्त + ग्लुकुरोनाइड) मोजायला ती जोडणी तोडणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकुरोनिडेज. पहिल्या खेपेला एकूण आणि मुक्त कोटिनीन जवळजवळ सारखंच. एन्झाइम मेलं समजून नवं मागवणार होतो. एन्झाइम ई. कोलायचं, त्याला पीएच ६.८च्या आसपास लागतो. आम्ही फ्रिजमधला पीएच ५चा ॲसिटेट बफर घेतला होता, जो गोगलगायीच्या एन्झाइमसाठी केलेला होता. बाटलीवर फक्त 'हायड्रोलिसिस बफर' लिहिलं होतं.

आताची कृती : लघवी २०० मायक्रोलिटर, आयएस २० मायक्रोलिटर, ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट पीएच ६.८ मध्ये एन्झाइम (नळीला १००० युनिट) २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १६ ते १८ तास, मग फॉस्फोरिक ॲसिड. प्रत्येक बॅचमध्ये कोटिनीन-एन-ग्लुकुरोनाइड घातलेली एक नळी. तिच्यातून ९० टक्क्यांपेक्षा कमी कोटिनीन सुटलं तर बॅच बाद. घाई असेल तर निकोटीन-कोटिनीनचे एन-ग्लुकुरोनाइड सोडियम हायड्रॉक्साइडनेही तुटतात, पण ३एचसीचं ओ-ग्लुकुरोनाइड त्याला दाद देत नाही, म्हणून आमच्या कामाचं नाही.

कोण निकोटीन किती वेगाने पचवतो (निकोटीन पचवणाऱ्या सीवायपी२ए६ या एन्झाइमची चाल) हे ३एचसी भागिले कोटिनीन या गुणोत्तरावरून काढतात. लघवीत त्यासाठी एकूण ३एचसी आणि मुक्त कोटिनीन घ्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक नमुना दोनदा काढायचा. खर्चाचा अंदाज करताना आम्ही हे विसरलो होतो. कार्ट्रिजचा खर्च सरळ दुप्पट.

२६ जुलै

निकोटीन ४.१ वरून ३.८ मिनिटांवर सरकलं, ॲनाबॅसिनला चिकटलं. कोटिनीन जागच्या जागी. फक्त निकोटीन हललं, याचा अर्थ पीएच हलला. बाटलीतला बफर मोजला : ९.३. सोमवारी केलेला बफर शुक्रवारी वापरत होतो, आणि झाकणाचं भोक सैल होतं. अमोनिया उडत गेला. बफर रोज नवा, २५० मिलीच्या लहान बाटलीत. प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला निकोटीन-ॲनाबॅसिनचं मिश्रण सोडून अंतर ०.३ मिनिटाच्या वर असेल तरच पुढे.

२ ऑगस्ट

मिश्री लावणाऱ्यांच्या लघवीत कोटिनीन हजारांत सापडतं. अशा नमुन्यानंतरचा ब्लँक १.५ नॅग्रॅ/मिली. सुई धुण्याचं द्रावण बदललं : पाणी, मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल आणि आयसोप्रोपॅनॉल समप्रमाणात, ०.२ टक्के फॉर्मिक ॲसिडसह, इंजेक्शनच्या आधी आणि नंतरही. व्हॉल्व्हचा रोटर सील बदलला. ५०० नंतरचा ब्लँक आता ०.२५. म्हणून कोटिनीनची श्रेणी २ ते ५०० ठेवली. खालच्या मर्यादेच्या २० टक्के म्हणजे ०.४, त्यात बसतं. बाकी : ३एचसी ५ ते १०००, निकोटीन ५ ते ५००, ॲनाबॅसिन १ ते ५०.

५००च्या वर गेलेला नमुना २० पट पातळ करून पुन्हा. पातळ आधी, आयएस नंतर. उलट केलं तर पातळ केल्याचा हिशोबच लागत नाही. आता आधी कोटिनीन तपासायची २०० नॅग्रॅ/मिलीची पट्टी लावून नमुन्यांचे दोन ढीग करतो. पट्टी ३एचसीलाही थोडा प्रतिसाद देते, म्हणून तिचा उपयोग फक्त ढीग पाडण्यापुरता.

८ ऑगस्ट

सहा वेगवेगळ्या लघव्यांत मॅट्रिक्स इफेक्ट (लघवीतल्या इतर पदार्थांमुळे सिग्नल दबणं) पाहिला. ३एचसी सगळ्यांत आधी येतं, त्याला दाट लघवीत ३० टक्क्यांपर्यंत मार बसतो. डी३ त्याच वेळी येत असल्यामुळे गुणोत्तर सावरतं. ॲनाबॅसिनचं तसं नाही. त्याला निकोटीन-डी४ उधार दिलंय, ते वेगळ्या वेळी येतं, सावरत नाही. म्हणून ॲनाबॅसिनचा आकडा अहवालात देणार नाही. २ नॅग्रॅ/मिलीच्या वर आहे की नाही, एवढंच. त्याचा उपयोगही तेवढाच : निकोटीनचं च्युइंगगम खाणारा आणि तंबाखू खाणारा यांत फरक करायला. गममध्ये ॲनाबॅसिन नसतं.

१४ ऑगस्ट

तीन दिवसांच्या तीन बॅच, आयसीएच एम१० या पद्धत-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या निकषांवर. कोटिनीन आणि ३एचसी सर्व पातळ्यांवर १५ टक्क्यांच्या आत. निकोटीन खालच्या पातळीवर १८ टक्के, मर्यादा २० असल्यामुळे पास. काठावरच.

२३ ऑगस्ट

पहिल्या खऱ्या नमुन्यांपैकी २४ पुन्हा काढून तपासले. दोन्ही आकडे एकमेकांच्या २० टक्क्यांत : कोटिनीन २४ पैकी २४, ३एचसी २३, निकोटीन १८. किमान दोन तृतीयांश लागतात, निघालं. निकोटीनचे चुकलेले सहाच्या सहा दुसऱ्या खेपेला कमी आले, आणि सहाही इव्हॅपोरेटरच्या मागच्या रांगेतले होते. तिथल्या सुयांतून नायट्रोजन जोरात येतो, नळ्या लवकर कोरड्या होतात आणि पुढच्या रांगेची वाट पाहत तशाच राहतात. मागच्या रांगेचा प्रवाह कमी केला आहे, आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक नळी डोळ्यांनी पाहायची. सहाही नमुने सोमवारच्या बॅचमध्ये, पुढच्या रांगेत.